पिवळं कपाळ

कारखान्यात त्या हॉलला कागदोपत्री बरंच लांबलचक नाव होतं, पण कामगारांच्या तोंडी तो धडक हॉल. नवी गाडी बाजारात जाण्याआधी तिथं मुद्दाम भिंतीवर नेऊन आपटायची. आत माणसांऐवजी पुतळे बसवायचे. माणसाच्या वजनाचे, माणसासारखे सांधे असलेले, चेहऱ्याच्या जागी नुसताच चेहऱ्याचा आकार. त्यांना सगळे पाहुणे म्हणत. येतात, बसतात, मार खातात आणि तोंडातून ब्र न काढता जातात, असे पाहुणे शोधून सापडायचे नाहीत, असं तिथला जुना फोरमन म्हणायचा.

या पाहुण्यांना तयार करणारी बाई एकच होती. तिला रंगवाली म्हणत. नाटकातली माणसं तोंडाला लावतात तो तेलकट रंग ती पाहुण्यांना लावायची. कपाळाला पिवळा, हनुवटीला निळा, गुडघ्यांना लाल. धडक झाली की ज्याचा त्याचा रंग ज्या त्या जागी उमटायचा. डॅशबोर्डवर लाल दिसला की गुडघे तिथं आपटले, काचेवर पिवळा दिसला की डोकं तिथवर गेलं. यंत्रं आकडे सांगत. रंग जागा दाखवत.

"पाहुणे झाले का तयार?" असं कुणी दारातून ओरडलं की आतून तिचा आवाज यायचा, "होताहेत. फारच घाई असेल तर तुम्ही बसा."

सगळे हसायचे. तीही हसायची. पण चालकाच्या जागी बसणाऱ्या पाहुण्याच्या कपाळाला रंग लावताना ती कधी कुणाशी बोलली नाही. त्या वेळी तिला काही विचारायचं नाही, हे न सांगता सगळ्यांना कळलेलं होतं.

तिचा नवरा याच कारखान्यात रंगखात्यात होता. ज्या छोट्या गाडीवर कारखान्याचं नाव झालं, ती पहिल्यांदा निघाली तेव्हा तिला एक चांगलं भारदस्त नाव दिलेलं होतं. लोकांनी ते बाजूला ठेवलं आणि तिला डबी म्हणायला लागले. डबीच होती ती. दोन दारं, चार माणसं, पुढं टीचभर इंजिन आणि मागं दोन पिशव्या मावतील एवढी जागा. स्कूटरवर सगळं बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्यांना परवडावी म्हणून काढलेली. पत्रा इतका पातळ, की दारावर कोपर टेकलं तर पोचा पडेल अशी चेष्टा व्हायची. पुढच्या सीटला नुसता कमरेचा पट्टा, तोही कुणी लावत नसे. तरी पावसाचा थेंब अंगावर न घेता घरी पोचायचं, या एवढ्या सुखासाठी माणसं नंबर लावून उभी राहिली.

कामगारांना सवलत मिळाली तेव्हा यांच्याही दारात डबी आली. फिकट निळी. "आपल्याच हाताखालून गेलीय ही," नवरा म्हणायचा, "रंगाला खोट काढशील तर मला बोल लागेल." रविवारी तो ती अशी पुसायचा की शेजारी म्हणत, अरे, पोरीला तरी एवढं कधी न्हाऊ घालतोस का? पोरगी तेव्हा रांगायलाही लागलेली नव्हती.

त्याची थोरली बहीण त्यांच्याच घरी राहायची. तिचं लग्न झालेलं नव्हतं. शिवणकाम करून ती घराला हातभार लावायची. एका संध्याकाळी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडून घेऊन तो परत येत होता. वळणावर समोरून ट्रक आला आणि चालकाच्या बाजूचा कोपरा त्यानं आत ढकलला. बहीण वाचली. तिचा एक पाय मात्र त्यानंतर कधी गुडघ्यात वाकला नाही. तो गेला.

"त्याला काही कळलंसुद्धा नाही," दवाखान्यातल्या कॉटवरून नणंद तिला म्हणाली होती. "डोकं स्टिअरिंगवर आपटलं. एका क्षणात सगळं आटोपलं बघ."

पुढं ज्यानं त्यानं हेच सांगितलं. भेटायला येणारा प्रत्येक जण जाताना हे एक वाक्य तिच्या हातात ठेवून जायचा. तीही ते धरून राहिली. दुसरं धरायला होतं तरी काय?

कारखान्यानं त्याच्या जागी तिला घेतलं. आधी सीटची कव्हरं शिवायला बसवलं. पहिल्या डबीबद्दल मधल्या काळात बरीच ओरड झाली होती, नियमही कडक झाले होते, म्हणून दुसरी डबी काढताना कारखान्यानं धडक हॉल बांधला. तिथं पुतळ्यांना सुरुवातीला खडूची पूड लावत. ती सगळीकडे उडायची आणि कुठली खूण कुठली ते कळायचं नाही. मग नाटकाचा रंग आणायचं ठरलं, आणि तो लावायची सवय कुणाला आहे अशी चौकशी झाली. तिनं शाळेच्या नाटकांत मुलांची तोंडं रंगवली होती. झालं, तिची बदली झाली. तिच्या नवऱ्याचं काय झालं होतं, हे तिला तिथं पाठवणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसावं. आणि तीही बोलली नाही. खरं सांगायचं तर तिला तिथं जायचं होतं.

कारण तो एक क्षण. तो कसा असतो, हे तिला बघायचं होतं.

तिनं तो पुष्कळदा बघितला. दुसरी डबी गोल झाली, तिला चार दारं आली, पट्टा खांद्यावरून जायला लागला, धडकेत स्टिअरिंगचा दांडा आत दुमडायला लागला. पिवळा रंग तरी स्टिअरिंगच्या चाकावर उमटतच होता, पण पुसट. तिसऱ्या डबीत एअरबॅग आली आणि पिवळा रंग त्या पांढऱ्या पिशवीवर एखाद्या फुलासारखा उमटला. तेव्हा हॉलमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. दारांच्या आत पोलादी पट्ट्या आल्या, वजन वाढलं, किंमत वाढली, आणि डबीचा आता डबा झाला म्हणून जुनी गिऱ्हाइकं कुरकुरली. चौथ्या डबीत तर गाडीच माणसावर लक्ष ठेवायला लागली. पट्टा लावला नाही की वाजायची, दार नीट लागलं नाही की वाजायची.

दर वेळी सगळं सारखंच व्हायचं. दोरखंड गाडी ओढायचा, प्रखर दिवे लागायचे, आणि कानाचे पडदे फाटतील असा एकच आवाज. त्यानंतर जी शांतता यायची, तिच्यासाठी रंगवाली काचेमागं उभी असायची. इतर लोक आकडे बघायला धावत. ती ऐकत राहायची. चुरडलेल्या गाडीतून आता कुणीतरी काहीतरी बोलणार, शब्द अगदी ओठांवर आलाय, असं तिला वाटायचं. एकदाही चुकलं नाही ते. सगळं एका क्षणात आटोपलं असेल, तर बोलायचं राहून गेलंय ते कुणाचं? ती स्वतःलाच दटावायची आणि फडकं घेऊन पाहुण्यांची तोंडं पुसायला जायची.

तिची निवृत्ती जवळ आली तेव्हा डबीचा मोठा वाढदिवस करायचं घाटत होतं. कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, की जुनी डबी आणि नवी डबी समोरासमोर आणून धडकवायच्या, त्याचं चित्रीकरण करायचं, म्हणजे आपण कुठून कुठं आलो हे लोकांना दिसेल. एका दातांच्या डॉक्टरकडे आच्छादनाखाली जपून ठेवलेली पहिली डबी सापडली. ती हॉलमध्ये आली तेव्हा रंगवाली रंगाचे डबे उघडत होती.

फिकट निळी. डबी त्या काळी तीनच रंगांत यायची, तेव्हा नेमका हाच रंग निघाला यात नवल असं काही नव्हतं. तिनं स्वतःला तसं बजावलंही. मग तिनं चालकाचं दार उघडलं. आतला रेक्झिनचा वास इतक्या वर्षांत जराही बदललेला नव्हता. बिजागरीच्या खाली, सहसा कुणाची नजर जात नाही तिथं, रंगाचा एक छोटा ओघळ वाळून बसला होता. कुणाच्या हातचा होता कुणास ठाऊक. रंगखात्यात पुष्कळ माणसं होती. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

हॉलच्या नव्या इंजिनिअरबाई वयानं तिच्या मुलीएवढ्या. त्यांना मागचं काही माहीत नव्हतं.

"मावशी, पिवळा आज जरा जास्त झालाय का? भुवईपर्यंत उतरलाय."

"दिसायला नको का, मॅडम?" ती म्हणाली आणि पिवळ्याच्या डब्याचं झाकण लावलं.

धडक झाली. शांतता आली. जुन्या डबीतून कसलीशी टिकटिक ऐकू येत होती, तापलेलं लोखंड निवताना करतं तशी. आणि रंगवालीला वाटलं, आता.

कुणी बोललं नाही. ती दिव्यांच्या उजेडात पुढं गेली.

नव्या डबीतला पाहुणा पिशवीवर डोकं टेकून, जेवल्यावर डुलकी लागावी तसा बसला होता. जुन्या डबीचं तोंड आत गेलं होतं. रंगवालीनं आधी स्टिअरिंग बघितलं. तिथं पिवळा भडक दिसेल अशी तिनं मनाची तयारी केली होती. एवढी वर्षं तिनं तीच तर केली होती. पण चाक धडकेत वर आणि बाजूला सरकलं होतं. त्याच्या कडेला पिवळ्याची एक बारीक रेघ होती, बोटानं सहज ओढल्यासारखी. बाकी सगळा पिवळा जिथल्या तिथं, पाहुण्याच्या कपाळावर. खाली मात्र डॅशबोर्डच्या वाकलेल्या पत्र्यात लाल रंग खोल माखला होता आणि दोन्ही पाय त्यात चिमट्यात धरल्यासारखे अडकले होते.

इंजिनिअरबाई पडद्यावरचे आकडे बघत म्हणाल्या, "कमाल आहे. डोक्याला विशेष काही नाही. हा माणूस शुद्धीत राहिला असता, मावशी. फक्त बाहेर काढता आला नसता. पाय बघा ना."

"किती वेळ?" रंगवालीनं विचारलं.

"काय किती वेळ?"

"शुद्धीत."

"ते कसं सांगणार? कुणी मदतीला येईपर्यंत, किंवा..." बाईंनी मान वर केली आणि तिचं तोंड बघून त्या थांबल्या. "मावशी, बरं वाटत नाहीये का?"

तिनं फडकं उचललं आणि नेहमीसारखी पाहुण्यांची तोंडं पुसली. चालकाचं कपाळ तेवढं पुसायचं राहिलं.

प्रत्येक अपघात वेगळा असतो, हे हॉलमध्ये आयुष्य काढलेल्या बाईला कुणी शिकवायला नको होतं. वेग वेगळा, कोन वेगळा, माणूस वेगळा. घरी येताना बसमध्ये ती हेच घोकत होती. पण जिना चढताना तिच्या लक्षात आलं, की नणंदेला काय विचारायचं ते आपलं ठरून गेलंय.

नणंद खिडकीपाशी इस्त्री करत होती. न वाकणारा पाय स्टुलावर लांब ठेवलेला. भाऊ गेल्यावर दोघींनी मिळून पोरीला वाढवलं होतं. एकीनं नोकरी केली, एकीनं घर आणि शिवणयंत्र सांभाळलं.

"वन्सं," रंगवाली म्हणाली, "हे बोलत होते का?"

इस्त्री थांबली. "कोण?"

"गाडीत. धडकेनंतर. हे बोलत होते का?"

"आज काय निघालं हे तुझं मध्येच? सांगितलंय ना मी, त्याला काही..."

"डोकं आपटलं नव्हतं त्यांचं. पाय अडकले होते." ती उभीच होती, पर्ससुद्धा खांद्यावरून उतरवलेली नव्हती. "मी आज बघून आलेय."

कपडा जळल्याचा वास आला तेव्हा नणंदेनं इस्त्री उभी केली. बटण बंद केलं.

"पहिल्यांदा हसला तो," ती म्हणाली. "म्हणाला, ताई, रंगाचं पार वाटोळं झालं गं. मी म्हटलं, बोलू नकोस, हलू नकोस. माझ्या पायाचं मला तेव्हा कळतच नव्हतं. ट्रकवाला लोकांना बोलवायला पळाला होता. रस्ता सुनसान. मग तो म्हणाला, पाय निघत नाहीयेत. मग म्हणाला, तिला निरोप गेला का?"

रंगवाली भिंतीला टेकली.

"कसला निरोप नि कसलं काय. तू घरी, तान्ही पोर पदरात. पण मी हो म्हटलं. म्हटलं, निघालीय ती. थोड्या वेळानं पुन्हा विचारलंन, कुठवर आली? मी म्हटलं, चौकात आली. परत विचारलंन. म्हटलं, पुलापाशी आली. तो विचारत राहिला आणि मी तुला जवळ आणत राहिले. दुसरं काय देणार होते त्याला? आवाज बसत चालला त्याचा. शेवटी मला बघवेना. मी म्हटलं, आली बघ, ही काय, दाराशी आहे." नणंदेनं डोळ्याला पदर लावला नाही, तसंच वाहू दिलं. "त्यानं मान वळवली. दाराकडे. आणि मग ती तशीच राहिली."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागं घेत होतं.

"मी आली म्हटलं नसतं," नणंद म्हणाली, "तर तो वाट बघत राहिला असता. थोडा आणखी. लोक पोचले होते गं, अगदी थोड्याच वेळात पोचले."

रंगवालीच्या तोंडून शब्द फुटला तो रागाचाच. "तुम्ही मला तिथं नेलंत. आणि मलाच सांगितलं नाहीत."

त्यानंतर कितीतरी दिवस घरात बोलणं कामापुरतंच राहिलं. ताट वाढलंय, दार लावून घ्या, पोरीचा फोन होता. भांडण झालं असतं तर बरं होतं. रंगवाली हॉलमध्ये जायची, यायची. ज्या क्षणात ती एवढी वर्षं राहिली होती तो आता लांबत गेला होता. त्यात चौक आला होता, पूल आला होता. भाजी आणताना चौकात तिचा पाय अडखळायचा. आपण इथवर पोचलोय हे पलीकडे कुणालातरी सांगितलं जातंय आणि तिथं कुणीतरी मान वळवायच्या बेतात आहे, असं वाटून ती पिशवी घट्ट धरून उभी राहायची. एकदा भाजीवालीनं विचारलं, "काकू, कुणाची वाट बघताय का?"

शेवटी नणंदच एका सकाळी चहा देताना म्हणाली, "मी रोज दाराकडे बघते गं. तू कामावरून येतेस तेव्हा. खरंच तूच आलीस ना, बघते."

रंगवालीनं कप घेतला. मग जरा सरकून तिला बाकावर जागा करून दिली. त्याहून जास्त काही झालं नाही, पण बोलणं सुरू झालं.

मुलगी एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिनं नवी डबी घ्यायचं ठरवलं तेव्हा दोघीही एकदम नको म्हणाल्या.

"अगं आई, तुझ्याच पाहुण्यांनी मार खाऊन पास केलीय ना ही गाडी? मग त्यांच्या कष्टांचा तरी मान राख," मुलगी म्हणाली. यावर दोघींना हसू आलं आणि तिथंच त्या हरल्या.

पहिल्या फेरीला नणंद पाय लांब करायला जागा हवी म्हणून पुढं बसली. अपघातानंतर ती पुढच्या सीटवर कधीच बसली नव्हती. रंगवाली मागं, डाव्या कडेला. गाडी सुरू होताच टिंग, टिंग वाजायला लागलं.

"मागं कुणीतरी पट्टा लावला नाहीये," मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली. "आई?"

"मी लावलाय."

"तुझ्या शेजारच्या सीटचं दाखवतंय. काही सामान ठेवलंयस का?"

सीट रिकामी होती. चालकाच्या मागची. मुलीनं गाडी वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी सीटखालचा सेन्सर बदलून दिला, नव्या गाडीत होतं असं कधी कधी, म्हणाले. मुलगी एकटी असली की गाडी मुकाट चालायची. तिघी बसल्या की टिंग, टिंग. तिनं पुन्हा नेली. मेकॅनिक स्वतः मागं बसून हिंडून आला आणि म्हणाला, "ताई, गाडीत काहीच दोष नाही."

पुढच्या रविवारी तिघी निघाल्या. गल्ली संपायच्या आत वाजायला लागलं. मुलीनं कपाळाला हात लावला. "आता मात्र हद्द झाली."

पुढं बसलेल्या नणंदेनं मागं न वळता, अगदी साध्या आवाजात म्हटलं, "पट्टा लाव गं त्याला."

"कुणाला?" मुलीनं विचारलं.

रंगवालीनं हात लांबवून शेजारच्या सीटचा पट्टा ओढला आणि खटक्यात अडकवला. वाजायचं थांबलं. मुलीनं आरशातून एकदा आईकडे, एकदा आत्याकडे पाहिलं. दोघी आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. तिनं खांदे उडवले आणि गाडी मोठ्या रस्त्याला घेतली.

रिकाम्या सीटवर लावलेला पट्टा सैल पडून सीटला चिकटतो. हॉलमध्ये तिनं तो असंख्य वेळा तसा पाहिला होता. हा चिकटला नव्हता. सीटपासून हातभर पुढं, ताठ उभा होता. रंगवालीनं ते पाहिलं. चौक मागं पडला, पूल आला, तेव्हा तिनं अलगद त्या पट्ट्यावर हात ठेवला आणि पूल संपून गेला तरी तो काढला नाही.